बिनवासाचं पाणी

तांबुळे गावच्या पाण्याला वास नव्हता, आणि सारिका चौगुलेला आयुष्यात दुसऱ्या कशाचा नसेल इतका या गोष्टीचा अभिमान होता. घरी पाहुणा आला की चहाच्या आधी ती त्याच्या हातात पाण्याचा तांब्या द्यायची आणि म्हणायची, "आधी वास घ्या." पाहुणा बिचारा तांब्यात नाक घालायचा, गोंधळून वर बघायचा आणि म्हणायचा, "कसलाच येत न्हाई की." झालं, सारिकाची छाती फुगायची.

ज्याने जुनी हुरणा नदी पाहिली नाही त्याला या वेडाचं हसू यायचं. ज्याने पाहिली होती तो हसत नसे. नदीच्या वरच्या अंगाला रंगाचे आणि औषधांचे कारखाने होते. पाणी कधी जांभळं यायचं, कधी हिरवं, आणि वास असा, की कुजक्या कांद्यावर कुणी रॉकेल ओतलंय. गाव तेच पाणी उकळून, गाळून, देवाचं नाव घेऊन पीत होतं. उकळून जंतू मरतात, विष मरत नाही. घरटी एखादा माणूस पिवळा पडायचा, पोट फुगायचं आणि तो जायचा. सारिकाचा नवरा दिनकर असाच गेला, ऐन चाळिशीत. शेवटच्या दिवसांत त्याच्या अंगालाही नदीचाच वास येत होता. तो वास सारिकाच्या डोक्यात इतका बसला, की तेराव्यानंतर ती जी घराबाहेर पडली ती पाणी घेऊनच परत आली. कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवल्या, रस्ता अडवला, एका साहेबाच्या टेबलावर नदीच्या पाण्याची बाटली ठेवून "प्या" म्हणाली. पुढे गावाने तिला पाणी समितीची अध्यक्ष केली. आणि तिला डॉ. अभिनंदन मगदूम भेटले.

मगदूम विद्यापीठात रसायनशास्त्र शिकवायचे. सांगलीकडचा सरळ माणूस, बोलताना चष्मा पुसायची सवय. त्यांनी सारिकाला मूठभर काळी रवाळ पूड दाखवली होती.

"ही उसाची चिपाडं," ते म्हणाले होते. "हवा न लागू देता भाजलेली. भाजताना थोडा युरिया घातला, त्यातला नायट्रोजन कोळशाच्या जाळीत जाऊन बसला. आता या कोळशावरून घाण पाणी सोडायचं आणि परसल्फेट नावाचं एक मीठ थोडं मिसळायचं. रंग, कीटकनाशकं, औषधं, ही सगळी कार्बनी द्रव्यं कोळशाला चिकटतात. मीठही चिकटतं. मिठाला इलेक्ट्रॉनची हाव असते आणि या घाणीकडे ते भरपूर असतात. कोळसा इकडचे इलेक्ट्रॉन तिकडे पोचवतो. ते गेले की घाणीचा रेणू तुटतो, तुकड्यांचे पुन्हा तुकडे होतात. शेवटी उरतं पाणी आणि थोडा कार्बन डायऑक्साइड."

"आणि कोळशाचं काय हुतं?"

"काहीच नाही. त्याला उत्प्रेरक म्हणतात. लग्नातल्या मध्यस्थासारखा. काम उरकतो आणि स्वतः होता तसाच राहतो. संपत नाही, झिजत नाही. पुढच्या कामाला तयार."

"लग्न मोडणारा मध्यस्थ म्हणा की," सारिका म्हणाली, आणि मगदूम मनापासून हसले होते.

गावात या कोळशाचा प्लांट सुरू झाला आणि तीन-चार वर्षांत गावाचा रंग पालटला. पिवळे डोळे दिसेनासे झाले. पोरांच्या अंगावरचे चट्टे गेले. वर्तमानपत्रांनी 'तांबुळे पॅटर्न' असं नाव दिलं आणि आसपासची गावं बघायला येऊ लागली. सारिका गावोगाव भाषणं द्यायला जायची. सुनेच्या माहेरी, मुरगवड्यालाही, तिने पारावर उभं राहून सगळ्यांना सुनावलं होतं, "विहिरीच्या पाण्याचं कौतुक पुरं झालं. नदीकाठची विहीर म्हंजे नदीच. अर्ज करा, पाठपुरावा करा, मी हाय तुमच्या मागं."

त्या भाषणाला सुनेची आई, कांचन, पुढच्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होती. पण प्रांजलीला दिवस गेले आणि त्याच भाषणाचं भांडण झालं. पहिलं बाळंतपण माहेरी, हे कुणी वेगळं ठरवावं लागत नाही. कांचन ओटीचं सामान घेऊन लेकीला न्यायला आली, तर सारिकाने पाट दिला, पाणी दिलं आणि सरळ सांगितलं, "विहीणबाई, बाळंतपण हितंच हुईल."

"आवं, पण रीत—"

"रीत रीतीच्या जागी. तुमच्याकडं विहिरीचं पाणी. माझा माणूस गेलाय पाण्यापायी. नातवंड त्याच पाण्यात न्हाऊ घालू?"

"आमची लेकरं त्याच पाण्यावर वाढली," कांचन म्हणाली. प्रांजली दारात उभी राहून एकदा आईकडे, एकदा सासूकडे बघत होती. सारिकाचा मुलगा ऋतुराज मोबाइलमध्ये तोंड खुपसून बसला, कारण अशा वेळी त्याला तेवढंच जमायचं. कांचन ओटी भरून एकटीच परत गेली. सारिकाला वाईट वाटलं, नाही असं नाही. पण आपण जिंकलो याचा आनंद जरा जास्त होता.

त्या उन्हाळ्यात गावात एक गंमत सुरू झाली होती. गुऱ्हाळावर गुळाच्या ढेपा उघड्या पडल्या तरी मुंग्या येईनात. आलीच तर एखाद-दुसरी, वाट चुकल्यासारखी इकडेतिकडे फिरत. रांग धरणारी मुंगी गावात राहिलीच नव्हती. लोक खूश होते. "पाणी सोच्छ झालं तशी मुंगीबी शानी झाली," असं म्हणून हसत होते.

मग शेजारच्या बजरंगनानांची म्हैस व्याली.

नाना म्हणजे दुधावर जगणारा माणूस. त्यांचा गोठा आरशासारखा असायचा, पाइप लावून दिवसातून दोनदा धुतलेला. सकाळी म्हैस व्याली, नानांनी तिला आणि रेडकाला त्याच पाइपाने लख्ख धुतलं आणि पेढे वाटायला निघाले. परत आले तर म्हैस रेडकाला लाथा मारत होती. रेडकू कासेला तोंड लावायला आलं की ती अंग झाडायची, शिंग उगारायची. पान्हा सोडायचं तर नावच नको.

सारिका बघायला गेली तेव्हा प्रांजलीही सोबत होती, पोट सांभाळत. नाना हात टेकून बसले होते.

"अशी कदी केली न्हाई हिनं, वहिनी. स्वतःचं पोर वळखंना. शेवटी बगा काय करायची पाळी आली."

त्यांनी माळ्यावरून भोत काढलं होतं. सारिकाने कितीतरी वर्षांत भोत पाहिलं नव्हतं. पूर्वी रेडकू मेलं, तर त्याच्या कातड्यात गवताचा पेंढा भरून, चार काठ्यांचे पाय लावून ते म्हशीपुढे उभं करत. म्हैस त्याला चाटायची, पोर समजून पान्हा सोडायची आणि धार काढता यायची. नानांकडचं हे भोत प्लांटच्या आधीचं, कुठल्या तरी दुसऱ्याच म्हशीच्या मेलेल्या रेडकाचं. धूळ आणि कोळिष्टकं धरलेलं, एक कान झडलेला.

नानांनी ते म्हशीपुढे ठेवलं. म्हशीने नाक पुढे केलं, फुसकारा सोडला, आणि लांब जीभ काढून त्या वाळक्या कातड्याला चाटू लागली. जरा वेळाने कास भरून आली आणि सडांतून दूध आपोआप ठिबकायला लागलं. दोन हातांवर खुंटाला बांधलेलं तिचं जिवंत रेडकू घसा ताणून ओरडत होतं. तिने त्याच्याकडे मान वळवून पाहिलंसुद्धा नाही.

"हिच्या आयला, काय तऱ्हा," नाना हसले, पण त्यांचं हसू जमलं नाही.

"आत्या, घरी जाऊया," प्रांजली म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता.

प्रांजली तालुक्याच्या दवाखान्यात बाळंत झाली. मुलगी झाली. दवाखान्याचं पाणी त्यांच्या बोअरचं होतं, हे सारिकाला तेव्हा खटकलं होतं. नर्सने ओलं, चिकट लेकरू तसंच आईच्या छातीवर ठेवलं, आणि ते एवढंसं पोर, डोळे मिटलेलं, नाक हुंगत हुंगत, पोटावरून सरकत स्वतःच आईच्या अंगाला जाऊन लागलं. सारिकाने अशी गोष्ट कधी पाहिली नव्हती. तिच्या डोळ्यांना धार लागली. कांचन राग विसरून धावत आली होती. बाळाचं पहिलं कापड जुनं असावं, म्हणून तिने आपल्या मऊ झालेल्या सुती लुगड्याचा अर्धा तुकडा आणला होता. त्यातच बाळाला गुंडाळलं. दवाखान्यात होती तोवर प्रांजली बाळाला खाली ठेवायला तयार नव्हती. सारखी तिच्या टाळूला नाक लावून बसायची आणि स्वतःशीच हसायची.

मग ती घरी आली, आणि सारिकाने आपलं सगळं वेड त्या दोघींवर ओतलं. बाळंतिणीला आणि बाळाला नळाचंही पाणी नको. ती रोज सकाळी प्लांटवर जाऊन, कोळशाच्या टाकीतून निघालेलं पहिल्या धारेचं पाणी कॅन भरून आणायची, बंबात तापवायची. डाळीचं पीठ, दुधाची साय, वर चार-चार तांबे पाणी. सून न्हाऊन निघाली की लख्ख दिसायची. बाळ न्हाऊन निघालं की गुलाबी दिसायचं. सारिका त्याला उचलून म्हणायची, "बघा, आमचं बाळ कसं आरशावानी."

आठवडाभरात बाळाने अंगावर प्यायचं सोडलं.

सुरुवातीला सगळ्यांनी मनावर घेतलं नाही. पोट दुखत असेल, दृष्ट लागली असेल. पण बाळ भुकेने लाल होऊन रडायचं, प्रांजली जवळ घ्यायची, आणि ते तोंड इकडून तिकडे फिरवत राहायचं, काहीतरी हरवल्यासारखं. छाती तोंडाशी असून त्याला सापडायची नाही. वरचं दूध चमच्याने घेत होतं, जगत होतं. त्याहून वाईट प्रांजलीचं होतं. ती आता बाळाकडे बघताना हसत नव्हती. पाहुण्याचं लेकरू सांभाळायला दिल्यासारखं ती त्याला धरायची.

एक दिवस ती हळूच म्हणाली, "आत्या, दवाखान्यात अदलाबदल झाली असेल का हो?"

"येडी हैस का?"

"मला आतून काहीच वाटंना. तिला घेतलं की नुसतं ओझं घेतल्यासारखं वाटतंय. ही माझीच हाय न्हवं?"

ऋतुराजने शेवटी डीएनए तपासणी करून आणली. मुलगी प्रांजलीचीच होती. कागद बघून प्रांजलीने मान हलवली आणि तो बाजूला ठेवून दिला. आळीत कुजबुज सुरू झाली. कुणी बाहेरची बाधा म्हणालं, कुणी आजकालच्या पोरींना नावं ठेवली.

आणि एका दुपारी सारिका दुपटी घ्यायला बाळंतिणीच्या खोलीत गेली. बाळ पाळण्यात रडून रडून दमलं होतं. प्रांजली भिंतीकडे तोंड करून बसली होती. तिच्या कुशीत काहीतरी होतं आणि ती त्यावर गाल घासत मंद डुलत होती. सारिका पुढे झाली. कुशीत ते जुनं लुगडं होतं, दवाखान्यातलं, न धुतलेलं, वाळल्या डागांचं. प्रांजलीच्या पोलक्याचा पुढचा भाग दुधाने भिजून गेला होता.

"आत्या," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आणि तोंडावर हसू, दोन्ही होतं. "ह्याला जवळ घेतलं की दूध भरून येतंय बघा. तिला घेतलं की न्हाई."

नानांचा गोठा, ते एका कानाचं भोत आणि खुंटाला बांधलेलं रेडकू तिच्या डोळ्यांपुढे उभं राहिलं. ती वळली आणि तशीच प्लांटवर गेली.

तपासणीला आलेल्या मगदूमांनी तिचं सगळं ऐकून घेतलं. मुंग्या, म्हैस, लुगडं. ते हसले नाहीत. त्यांनी बाळाच्या, प्रांजलीच्या आणि म्हशीच्या अंगावरून कापसाचे बोळे फिरवून नमुने नेले. आठ-दहा दिवसांनी परत आले तेव्हा त्यांचा चेहराच बोलत होता. प्लांटमागच्या गुलमोहराखाली दोघं बसली.

"कोळशाचे रवे इतकी वर्षं एकमेकांवर घासतायत," त्यांनी सांगायला सुरुवात केली. "आता त्यातून इतके बारीक कण सुटतात, की आपल्या गाळणीतून आरपार जातात. पाण्यात दिसत नाहीत, पोटात गेले तर विषारी नाहीत. सगळ्या चाचण्यांत पास झालेत. पण कार्बनला तेलकट जागा आवडते. ते कातडीला चिकटून बसतात."

"पर तुमचं ते मीठ तर पाण्यात संपतंय न्हवं? मिठाबिगर कोळसा काय करणार?"

"तिथेच आमचं चुकलं. मिठाचं काम करणारं दुसरं द्रव्य शरीर स्वतःच बनवतं. हायड्रोजन पेरॉक्साइड. कातडीवर थोडंसं असतं. आणि तान्ह्या बाळाची लाळ आईच्या दुधात मिसळली की तिथे जास्त तयार होतं. निसर्गाने जंतू मारायला केलेली सोय आहे ती. आता तिथे आपला कोळसा बसलाय." त्यांनी चष्मा काढला. "वास म्हणजे तरी काय, ताई? कार्बनी रेणूच. आईच्या छातीला एक वास असतो, बाळ त्यावरून तिला शोधतं. बाळाच्या डोक्याला एक असतो, त्यावरून आईच्या मेंदूत ओळख पक्की होते, पान्हा फुटतो. आपल्याला तो वास येतोय हे कळतही नाही. अंगातून तो तयार होतो आणि तिथल्या तिथे तुटतो. मुंग्यांची वाटही वासाचीच. कोळशाला काय कळतं, कुठलं विष आणि कुठलं आईपण."

"आनि त्यो कोळसा संपत न्हाई," सारिका म्हणाली.

"नाही. रवा झिजून कण झाला, तरी कण संपत नाही."

आत पंप घुमत होता.

"दोघींना दुसऱ्या पाण्याच्या गावी पाठवा," मगदूम म्हणाले. "कातडीचा वरचा थर झडतो, नवा येतो. महिन्याभरात कण जातील. पण पुन्हा हे पाणी लागू देऊ नका. ही ओळख सुरुवातीच्या दिवसांतच बसते. एकदा मोडली तर पुन्हा जुळेल. पुन्हा पुन्हा मोडली, तर..." त्यांनी वाक्य सोडून दिलं. "मी नवी गाळणी बनवतोय. पावसाळ्यापर्यंत बसेल. तोवर बाकीच्या गावांत बांधत आणलेले प्लांट सुरू होऊ देणार नाही, माझा शब्द."

"गावाला काय सांगू?"

"सांगितलंत तर उद्या प्लांटला कुलूप लागेल. लोक परत नदीवर जातील. कुणाला किती दिवसांत कावीळ होईल ते तुम्हाला मी सांगायला नको. मी गप्प राहा म्हणत नाही. पण पावसाळ्यापर्यंत..."

सारिकाला दिनकरचे पिवळे डोळे आठवले. त्याच्या नावाची फरशी प्लांटच्या दारावर होती. तिच्यासारख्या बाईला, साहेबाच्या तोंडावर बोलणाऱ्या बाईला, त्या दिवशी शब्द फुटला नाही. गावाच्या भल्याचाच विचार आहे, असं तिने स्वतःला समजावलं. पण खरं सांगायचं तर तिला लाज वाटली. ज्या पाण्याचा वास घ्यायला तिने अख्ख्या मुलखाला लावलं, त्या पाण्याबद्दल आता काय तोंडाने बोलणार? ती मूग गिळून घरी आली.

तिने कांचनला फोन केला. "विहीणबाई, प्रांजलीला न्यायला या. जरा हवापालट हुईल तिला."

कांचनला आधी खरंच वाटलं नाही. दुसऱ्याच दिवशी ती गाडी घेऊन हजर झाली, आणि लेकीचं सामान बांधता बांधता म्हणाली, "आता चालतंय व्हय आमच्या विहिरीचं पाणी?" टोमणाच होता, पण प्रेमाचा. सारिकाने सांगायला तोंड उघडलं. वाक्य जिभेवर होतं. आमचंच पाणी वाईट निघालं, विहीणबाई, एवढंच तर सांगायचं होतं.

"सवयीचं पाणी बरं असतंय बाळंतिणीला," ती म्हणाली.

मुरगवड्याहून रोज फोन येऊ लागला. आधी काहीच फरक नव्हता. मग एका सकाळी प्रांजलीचा आवाज पार बदललेला होता. "आत्या, पितीया! पोटभर पितीया. आणि मी तिला घेतलं की... आत्या, माझी हाय ही." फोनवर दोघीही रडल्या. सारिकाचा जीव भांड्यात पडला.

तांबुळ्यात मात्र सगळं सुरळीत चाललं होतं, आणि तेच सारिकाला बघवत नव्हतं. जनावरांच्या डॉक्टरांनी म्हशींसाठी इंजेक्शन दिलं. टोचलं की पान्हा सुटायचा, रेडकाची गरजच नाही. नानांनी रेडकं आणि आया वेगळ्या गोठ्यात बांधायला सुरुवात केली. औषधाच्या दुकानात दुधाच्या पावडरचे डबे छतापर्यंत लागले. आणखी तिघी बाळंत झाल्या. तिघींचीही बाळं गुटगुटीत, गोरीगोमटी, डब्याच्या दुधावर वाढणारी. आया त्यांना वेळेवर बाटली द्यायच्या, वेळेवर निजवायच्या आणि अंगणात येऊन मोबाइल बघत बसायच्या. कुणाची काही तक्रार नव्हती. सारिका त्यांच्या दारांवरून जाताना मान खाली घालायची. पावसाळ्यानंतर सांगू, असं ठरलं होतं.

घर आवरताना तिला प्रांजलीच्या उशाखाली ते लुगडं सापडलं. नेताना गडबडीत राहून गेलेलं. त्याचे डाग बघून तिच्या अंगावर काटा आला. बाळ आता पीत होतं, त्याचं काही काम उरलं नव्हतं, आणि विहिणीचं कापड असं मळकं परत कसं द्यायचं? तिने ते भिजवलं, खळखळून धुतलं, उन्हात वाळवलं, इस्त्री केली. डोळ्यांपुढून ती दुपार गेली तर बरं, एवढंच तिच्या मनात होतं.

बारसं आजारपणामुळे लांबलं होतं. ते मुरगवड्याला करायचं ठरलं. सारिका सोन्याचे वाळे, झबलं आणि लुगड्याची घडी पिशवीत घालून निघाली. ऋतुराज गाडी चालवत होता. आज विहिणीला सगळं सांगायचं, असं तिने मनाशी पक्कं केलं होतं. बारसं झालं की निवांत बसून सांगू.

वेशीवरच तिचा मोठा फोटो लावलेला दिसला. खाली लिहिलं होतं, तांबुळे पॅटर्न, मुरगवडे. सारिकाला वाटलं, जुनाच असेल, भाषणाच्या वेळचा.

घर माणसांनी गजबजलं होतं. कांचनने दारातच तिच्या पायांवर पाणी घातलं आणि हाताला धरून आत नेलं. पाळणा झेंडूच्या माळांनी सजवला होता. प्रांजली नव्या साडीत बसली होती, भरलेली, टवटवीत. मांडीवर बाळ.

"घ्या की आत्या," ती म्हणाली. "कधीपासून वाट बघतीया आजीची."

सकाळी तांबुळ्याच्याच पाण्याने धुतलेले दोन्ही हात सारिकाने पाठीमागे नेले. "नको गं. परवासाची धूळ हाय अंगाला. लांबनंच बघते."

"तुमचं आपलं सोच्छतेचं येड काय जात न्हाई," कांचन हसली. बायका हसल्या. कांचनने तांब्या आणून सारिकाच्या पुढे धरला. तिचे डोळे चमकत होते. एवढा वेळ कसंबसं पोटात ठेवलेलं आता तिला सांगायचं होतं. "आधी वास घ्या, विहीणबाई."

सारिकाने तांब्या हातात घेतला.

"घ्या तर!"

तिने तांब्यात नाक घातलं. कसलाच वास नव्हता.

"आलं न्हवं तुमचं पाणी आमच्याकडं!" कांचन टाळी वाजवून म्हणाली. "निवडणूक आली, तसं आमदारसाहेबांनी घाईनं सुरू करून टाकलं. चार दिस झाले. तुमाला मुद्दाम सांगितलं न्हाई, म्हटलं बारशाला आल्यावर तोंडाशी तांब्याच धरायचा. तुमी मला बोलला हुता न्हवं, नातवंड विहिरीच्या पाण्यात न्हाऊ घालू का म्हणून? मनाला लागलं हुतं माझ्या. आता बघा. चार दिस पहिल्या धारेचं पाणी आणून न्हाऊ घालतोय दोघींना. थेंब थेंब तुमचाच."

बाळ रडू लागलं. प्रांजलीने पदर सावरला, बाळाला जवळ घेतलं. बाळाने तोंड उघडलं, इकडे वळवलं, तिकडे वळवलं. नाक हुंगत राहिलं. रडणं वाढलं. कुणी तरी म्हणालं, माणसं बघून बुजलंय. कुणी पाळण्याचं गाणं सुरू केलं. प्रांजली बाळाच्या टाळूवर नाक टेकवून थांबली, पुन्हा टेकवलं, आणि हळूहळू तिच्या चेहऱ्यावरचं हसू ओसरत गेलं. सारिकाने ते जाताना पाहिलं. प्रांजलीला न्यायला आलेल्या विहिणीला आपण काय सांगू शकलो असतो, ते तिला शब्दन् शब्द ऐकू येत होतं, आणि आता ते सांगून काही उपयोग नव्हता.

प्रांजलीने मान वर केली. तिचा आवाज शांत होता, थोडा दमलेला.

"आत्या, ते जुनं लुगडं कुठं ठेवलंय तुम्ही?"

सारिकाने खांद्यावरची पिशवी घट्ट धरली. लुगडं पिशवीतच होतं, स्वच्छ धुतलेलं, इस्त्री केलेलं.